जुन्या सिंथेसायझरचा पडदा

चातुर्मास सुरू झाला की नगरच्या मंगल कार्यालयांत भक्तिसंध्येच्या तारखा ठरू लागतात. स्थानकात सामायिक-प्रतिक्रमणाच्या वेळी वाद्याला स्थान नसते आणि ते उचितच आहे. परंतु तपस्येच्या पारण्याचा सोहळा, दीक्षार्थीचा सत्कार, महावीर जन्मकल्याणकाची सायंकाळ अशा प्रसंगी स्तवनाला सुरांची साथ हवीच असते. एकेकाळी ही साथ पेटी करीत असे. गेल्या तीसेक वर्षांत ती जागा बहुतांशी सिंथेसायझरने घेतली. वाद्य यामाहाचे असो, रोलँडचे असो वा कोर्गचे, पाथर्डी-शेवगावकडे त्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणण्याची रीत पडून गेली आहे. वनस्पती तुपाला सर्वत्र 'डालडा' म्हणावे, तसाच हा प्रकार.

वरच्या श्रेणीचे नवे वाद्य घ्यायचे तर खर्च लाखाच्या घरात किंवा त्याही पुढे जातो. त्यामुळे होतकरू वादकाचे पहिले चांगले वाद्य पुष्कळदा जुनेच असते. व्यापारी घरात प्रसंग साधारण असा घडतो. मुलगा मोबाइलवरील छायाचित्र दाखवून म्हणतो, "पप्पा, निम्म्या किमतीत मिळतंय, अगदी नव्यासारखं आहे." पप्पा कापडाचा पोत बोटांनी ओळखणारे, भुसाराचा नमुना तळहातावर घेऊन भाव सांगणारे, पण या मालापुढे त्यांचा अनुभव थबकतो. पट्ट्या वाजतात, आवाज येतो, बाहेरून ओरखडा नाही. मग निम्मी किंमत कशाची कमी झाली? अनेकदा या प्रश्नाचे उत्तर वाद्याच्या मध्यभागी असलेल्या काचेच्या चौकोनात दडलेले असते. तो चौकोन म्हणजे स्पर्शाने चालणारा पडदा, अर्थात टच स्क्रीन.

या पडद्याचा इतिहास वाद्याच्या मानाने अलीकडचा आहे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रागांवर आधारित जी प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका केली, तिच्यातील रोलँडच्या यंत्रांना असा पडदा नव्हता. सारा कारभार बटणे आणि सरकत्या खुंट्यांवर चाले. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ वर अक्षरांच्या अवघ्या दोन ओळी दिसत. पुढे वाद्यात शेकडो आवाज, ताल आणि त्यांच्या जुळण्या साठवल्या जाऊ लागल्या, तेव्हा बटणे अपुरी पडली. १९९५ साली कोर्ग कंपनीने 'ट्रिनिटी' या वाद्यावर मोठा स्पर्शपडदा बसवला. १९९९ साली 'ट्रायटन' आले, २००३ साली रोलँडचे 'व्ही-सिंथ', २०११ साली कोर्गचे 'क्रोनॉस', तर २०१२ च्या सुमारास 'पीए-६००'. सोय मोठी झाली. ज्या आवाजाचे नाव दिसते त्यावर बोट ठेवले की तो हजर. पण त्याच वेळी वाद्याच्या साऱ्या गुणांचा दरवाजा एकच राहिला. बटणांच्या काळात एक बटण बिघडले तर एक काम अडे. पडदा बिघडला तर पट्ट्या, स्मृती, ध्वनी सारे शाबूत असूनही वादकाला त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली, अशी ती अवस्था असते.

हा पडदा काम कसा करतो, हे थोडे समजून घेतले तर खरेदीतील बरीचशी भीती नाहीशी होते. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला दाबावर चालणारा, ज्याला तंत्रज्ञ रेझिस्टिव्ह म्हणतात. अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल हर्स्ट यांनी १९७० च्या दशकात तो विकसित केला. खाली काच आणि वर लवचीक प्लॅस्टिकचा पापुद्रा. दोघांच्या समोरासमोरच्या बाजूंवर इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक पदार्थाचा विद्युतवाहक थर असतो. मध्ये डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या ठिपक्यांनी थोडेसे अंतर राखलेले असते. बोटाने दाबले की वरचा थर खालच्याला टेकतो. एका थराच्या दोन कडांना ठरावीक दाबाची वीज दिलेली असते. स्पर्शबिंदू ज्या कडेला जवळ, तिच्याजवळचे मोजमाप दुसऱ्या थरावर मिळते. आधी आडवे, मग उभे अशी दोन मोजमापे घेऊन वाद्य बिंदूची जागा ठरवते. दुसरा प्रकार कपॅसिटिव्ह. त्याची मूळ कल्पना इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली होती. आजच्या मोबाइलचा पडदा याच जातीचा. त्यात दाब लागत नाही. बोट जवळ आल्याने विद्युतक्षेत्रात होणारा बदल टिपला जातो.

समोरचे वाद्य कोणत्या जातीचे, हे ओळखण्याची साधी रीत आहे. पेन्सिलीच्या मागच्या लाकडी टोकाने पडद्यावर हलकेच दाबावे. वाद्याने आज्ञा मानली तर पडदा दाबाचा. केवळ बोटालाच ओळखले तर दुसऱ्या प्रकारचा. ट्रायटन, पीए-६००, क्रोनॉस ही जुन्या बाजारात नेहमी दिसणारी वाद्ये दाबाच्या पडद्याची आहेत.

दाबाच्या पडद्याचे दुखणे बहुधा चार ठिकाणी असते. पहिले दुखणे म्हणजे निर्देशाची चूक. कालांतराने थरांचे गुणधर्म किंचित बदलतात आणि बोट एका चौकटीवर, निवड शेजारच्या चौकटीची, असे होऊ लागते. हा खरे तर बिघाड नव्हे. तराजूचा काटा शून्यावरून सरकावा, तसे ते आहे. दुसरे दुखणे झिजेचे. वाहक थर ठिसूळ असतो. एकाच जागी हजारो वेळा दाबल्याने, त्यातही नखाने वा टोकदार वस्तूने दाबल्याने, त्याला सूक्ष्म तडे जातात आणि तेवढी जागा बधिर होते. तिसरे दुखणे कडांचे. पडद्याभोवतीच्या चौकटीखाली धूळ वा कण अडकला की तो स्वतःच बोटासारखा दाब देत राहतो. मग कोणी हात न लावता पाने उलटू लागतात. चौथे दुखणे पडद्यातून मुख्य पाटीकडे जाणाऱ्या पातळ फितीचे. तिचे टोक खाचेतून किंचित ढिले झाले किंवा त्यावर गंज चढला की पडदा कधी चालतो, कधी नाही. याखेरीज पडद्यामागचा दिवा मंदावतो, तेव्हा स्पर्श ठीक असूनही अक्षरे दिसत नाहीत. जुन्या पडद्यांपैकी काहींमागे पारायुक्त बारीक नळीचा दिवा असतो. तो फुटू देऊ नये आणि केरात टाकू नये.

नगर जिल्ह्याचे हवामान या चारही दुखण्यांना अनुकूल आहे. पर्जन्यछायेचा मुलूख, आठ महिने कोरडी धूळ. वाद्य आज शहरात, उद्या श्रीरामपूरला, परवा शिर्डीच्या एखाद्या सभागृहात, तेरवा चिचोंडीच्या उघड्या मांडवात. वाटेत टेम्पोचे धक्के. कार्यक्रमात कुंकू, गुलाल, वासक्षेप आणि चंदनाचे कण. वीज गेली की जनरेटर. मांडवात अर्थिंग नीट नसेल किंवा हलक्या दर्जाचा अॅडॉप्टर जोडला असेल, तर कपॅसिटिव्ह पडद्याला विजेतील गोंगाटच स्पर्श वाटू लागतो आणि तो मनाने आज्ञा घेतो. घरी नेल्यावर तेच वाद्य सुतासारखे सरळ चालते. अशा वेळी दोष वाद्याचा नसून मांडवातील विजेचा असतो, आणि पडदा बदलण्याचा खर्च निष्कारण केला जातो.

म्हणून जुने वाद्य घेताना कर्जाच्या तारण-मालमत्तेची पाहणी करावी, तितक्या शांतपणे तपासणी करावी. वाद्य आधीपासून चालू करून ठेवलेले नसावे. आपल्यासमोर थंड अवस्थेत सुरू करावे आणि निदान अर्धा-पाऊण तास चालू ठेवावे. ढिल्या फितीचा दोष पुष्कळदा वाद्य गरम झाल्यावर उघड होतो. चारही कोपरे, मग कडा, मग मध्य, असे बोट क्रमाने ठेवावे. ज्या ठिकाणी आवाजांची यादी आणि 'ओके', 'एक्झिट' यांसारख्या चौकटी नेहमी येतात, तेथे झीज अधिक असते. त्या जागा हलक्या बोटाने तपासाव्यात. जोर द्यावा लागला की समजावे, थर थकला आहे. एखादी सरकती खुंटी पडद्यावर असेल तर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून पाहावी; मध्येच उडी मारली तर तेथे तडा आहे. शेवटी दहा मिनिटे हात न लावता नुसते पाहत बसावे. स्पर्शाविना पान बदलले तर कडेला कण आहे किंवा पडद्याचा थर बिघडला आहे.

दोष आढळला म्हणजे सौदा मोडलाच पाहिजे असे नाही. दोषाची किंमत कळली पाहिजे. दुरुस्तीचाही एक क्रम आहे आणि स्वस्त उपायाकडून महाग उपायाकडे जाण्यातच शहाणपण आहे. प्रथम निर्देश-दुरुस्ती, म्हणजे कॅलिब्रेशन. कोर्गच्या अनेक वाद्यांत ही आज्ञा 'ग्लोबल' या विभागात असते. पडद्यावर दाखवलेल्या खुणांवर अचूक दाबले की वाद्य आपला हिशेब नव्याने मांडते. याला एक पैसाही लागत नाही. त्यानंतर कडांची सफाई. हवेच्या फुग्याने धूळ उडवावी, चौकटीच्या फटीत पातळ कोरा कागद अलगद फिरवावा. पडदा पुसताना द्रव कधीही थेट त्यावर फवारू नये. मऊ कापड किंचित ओलसर करून पुसावे. थिनर किंवा अॅसिटोन तर सर्वथा वर्ज्य.

यापुढचे काम जाणकाराचे. वीजजोड काढून वाद्य उघडायचे, फितीचे टोक स्वच्छ करून पुन्हा नीट बसवायचे. तेवढ्यानेही पडदा न सुधारला तर मल्टिमीटर लावायचा. चार तारांच्या पडद्यात एकाच थराच्या दोन टोकांमध्ये साधारण काही शे ओहम रोध दिसतो आणि दाबले नसताना दोन थरांमध्ये काहीच संबंध दिसत नाही. पहिल्या ठिकाणी आकडा येत नसेल तर थर किंवा फीत तुटली आहे. दुसऱ्या ठिकाणी आकडा येत असेल तर थर एकमेकांना चिकटले आहेत. मग नवा पडदा घ्यायचा. येथे एक गोष्ट ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. स्पर्शाचा थर आणि त्याखालचा चित्र दाखवणारा भाग अनेक वाद्यांत वेगवेगळे असतात. चित्र स्वच्छ दिसत असेल तर केवळ वरचा थर बदलून भागते. लांबी, रुंदी, तारांची संख्या आणि फीत कोणत्या बाजूने निघते, एवढे जुळले तर इतर यंत्रांसाठी बनणारा थरही पुष्कळदा चालतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर असा शोध घेणारे लोक असतात. आणि नगरमध्येही, ज्यांनी एकेकाळी रेडिओ व दूरदर्शन संच दुरुस्त करण्यात उमेद घालवली, अशा जुन्या कारागिरांचे हात या कामाला अजून योग्य आहेत. त्यांच्याकडे काम गेले नाही, तर हे हात पुढच्या पिढीला काही न देता थांबतील.

व्यापाऱ्याच्या भाषेत याचा हिशेब मांडून पाहावा. वाद्यवृंदाच्या मालकाने १,००,००० रुपयांचे वाद्य व्यवसायासाठी घेतले आणि आयकराच्या नियमाप्रमाणे यंत्रसामग्रीवरील १५ टक्के घसारा घटत्या शिलकीवर लावत गेला, तर पूर्ण पाच वर्षांनंतर वहीत सुमारे ४४,३७१ रुपये उरतात. पण हा कागदावरचा घसारा आहे. कागदावर वाद्य दरवर्षी समान दराने उतरते. प्रत्यक्षात पट्ट्या पंधरा वर्षे टिकतात, ध्वनी जसाच्या तसा राहतो आणि पडदा मात्र मध्येच हात टेकतो. त्यामुळे जुन्या वाद्याचा भाव ठरवताना वर्षे मोजण्यापेक्षा पडदा मोजावा. १९९९ चे ट्रायटन आज पंचविशी ओलांडून गेले आहे. ज्याचा पडदा वेळीच बदलला गेला ते आजही साथ देते, आणि ज्याचा बदलला गेला नाही ते बासनात पडून आहे.

विक्रेत्याच्या बाजूनेही काही नियम आहेत. नोंदणीकृत व्यापारी जुन्या मालाची खरेदी-विक्री करीत असेल आणि त्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर वस्तू व सेवा कराच्या नियमांत केवळ खरेदी व विक्री किमतीतील फरकावर कर भरण्याची तरतूद आहे. तेव्हा 'जुना माल, बिल कशाला' हा युक्तिवाद टिकत नाही. बिल असले की वाद्याचा अनुक्रमांक त्यावर येतो, आणि माल कोणाच्या घरातून आला याचा माग राहतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही त्यातील चार क्षेत्रे. वाद्यांचे वेगळे क्षेत्र त्यांत नाही. परंतु सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हे तत्त्व वाद्यालाही तितकेच लागू पडावे.

कायद्याच्या पुढचा प्रश्न श्रावकाचा आहे. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोरून आणलेला माल घेणे, आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे हलके ते चांगले म्हणून खपवणे, या दोन्ही गोष्टी आपल्या आचार्यांनी शतकानुशतकांपूर्वी नोंदवून ठेवल्या आहेत. फार स्वस्त मिळणाऱ्या, बिल नसलेल्या वाद्यापुढे पहिला अतिचार उभा असतो. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. ढिल्या फितीचा दोष ग्राहकासमोर दहा मिनिटांत दिसत नाही. तो फक्त मालकाला ठाऊक असतो. कापडातील गाठ ग्राहक उजेडात धरून पाहू शकतो, धान्यातील खडा निवडू शकतो. हा दोष मात्र विक्रेत्याने सांगितला तरच कळतो. त्यामुळे येथे मौन हेही एक विधान ठरते. तीन महिन्यांनी भर मांडवात, शंभर-दोनशे लोकांसमोर, स्तवनाच्या दुसऱ्या कडव्याला पडदा गोठतो आणि एखादा तरुण वादक घामाघूम होतो. तो व्यवसायाने वादक असेल तर पुढची तीन निमंत्रणे हातची जातात. एवढे नुकसान होण्याला विक्रीच्या वेळचे ते मौनही कारणीभूत असते. त्याउलट 'उजवा वरचा कोपरा बधिर आहे, पाच हजार कमी घेतो' असे सांगून केलेल्या विक्रीत पाच हजार गेले तरी पत राहते. नगरच्या कापड बाजारात ज्या पेढ्या तीन-तीन पिढ्या टिकल्या, त्या याच हिशेबावर टिकल्या आहेत.

अपरिग्रहाचा विचारही येथे येतो. नवे मॉडेल आले म्हणून चांगले वाद्य कोपऱ्यात टाकणे सोपे असते. परंतु एका पडद्यासाठी अख्खे वाद्य टाकून देणे म्हणजे त्यातील धातू, प्लॅस्टिक आणि रसायने मातीत लोटणे होय, आणि मातीत, पाण्यात जीव आहेत हे जैन घरात वेगळे सांगावे लागत नाही. दुरुस्त होऊ शकते ते दुरुस्त करून वापरावे. आपल्याला नको असेल तर दोष सांगून योग्य भावाने द्यावे, किंवा एखाद्या पाठशाळेला, होतकरू मुलाला भेट द्यावे. भेट देतानाही पडदा तपासूनच द्यावा; नाही तर दानाबरोबर दुरुस्तीचा बोजाही घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

वापरणाऱ्यासाठी जपणुकीचे नियम थोडके आहेत. नख नव्हे, बोटाचे पेर वापरावे. कुंकवाचे, तेलाचे हात पुसूनच वाद्याला लावावेत. पडद्यावर पारदर्शक संरक्षक पापुद्रा लावावा आणि तो खराब झाला की बदलावा. कार्यक्रम संपताच वाद्य कापडाने झाकावे. प्रवासात पडद्यावर दाब येणार नाही अशी कडक पेटी वापरावी. मांडवात अर्थिंग असलेल्या जोडणीचा आग्रह धरावा. कार्यक्रमाला लागणारे आवाज आधीच साठवून बटणांवर बांधून ठेवावेत, म्हणजे ऐन वेळी पडद्याने दगा दिला तरी साथ थांबत नाही. आणि वर्षातून एकदा, दिवाळीत वही-पूजनाच्या सुमारास घरातील इतर यंत्रांची देखभाल होते तेव्हा, पडद्याची निर्देश-दुरुस्तीही करून घ्यावी.

आपल्या परंपरेत यासाठी 'जयणा' हा नेमका शब्द आहे. चालताना, बोलताना, वस्तू उचलताना व ठेवताना राखलेली सावधगिरी म्हणजे जयणा. साधू-साध्वींच्या समितीत वस्तू घेण्या-ठेवण्याच्या विवेकाला स्वतंत्र स्थान आहे. श्रावकाने तोच विवेक आपल्या घरातील वाद्यापर्यंत नेला, तर वाद्याचे आयुष्य वाढते, खर्च वाचतो, आणि उद्या ते वाद्य दुसऱ्याच्या हाती गेले तरी देणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.